दैवाचा हिशेब मांडणारा माणूस

मोटारीला अपघात झाला की चालकाचा दोष शोधावयाचा आणि कोणी वाचला तर त्याचे दैव बलवत्तर म्हणावयाचे, ही जुनी रीत. या साऱ्यात खुद्द मोटारीला कोणी जाब विचारीत नाही. तो ज्यांनी चिकाटीने विचारला, त्यांत अमेरिकेच्या ह्यू डीहेवन यांचे नाव अग्रभागी आहे.

१८९५ मध्ये जन्मलेले डीहेवन पहिल्या महायुद्धात कॅनडामार्गे ब्रिटनच्या हवाई दलात शिकाऊ वैमानिक म्हणून दाखल झाले. सरावात दुसऱ्या विमानाशी टक्कर होऊन ते कोसळले. यकृत, स्वादुपिंड, पित्ताशय फाटूनही ते जगले. लोकांना हे नशीब वाटले. त्यांचे लक्ष मात्र कमरपट्ट्याच्या टोकदार बकलाकडे गेले. माणसाला सावरण्यासाठी बसविलेल्या वस्तूनेच त्याचे पोट फाडावे, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

ते वैद्य नव्हते. हिकमती संशोधक होते. स्वयंपाकघरात उंचावरून रबरी गादीवर अंडी सोडण्याचे त्यांचे प्रयोग पाहून कोणी हसलेही असेल. परंतु १९४२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पन्नास ते दीडशे फुटांवरून पडूनही जगलेल्या माणसांची प्रकरणे त्यांनी तपासली. सतराव्या मजल्यावरून पडलेली एक स्त्री पत्र्याच्या वायुवीजन-पेटीवर आदळली. पेटी चेपली, स्त्री वाचली. देह थांबण्यास काही इंचांचा अवकाश मिळाला आणि आघात विस्तृत भागावर वाटला गेला, तर शरीर प्रचंड धक्का सोसते, हे त्यांनी दाखविले.

मग त्या काळच्या मोटारीत बसणाऱ्याच्या तोंडासमोर काय होते? पोलादी डॅशबोर्ड, पुढे आलेल्या गुंड्या आणि भाल्यासारखा छातीवर रोखलेला सुकाणूचा दांडा. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी दुखापतींचे संशोधन उभारले, इंडियाना राज्याच्या पोलिसांची मदत घेतली आणि कोणता अवयव मोटारीच्या कोणत्या भागाने जायबंदी झाला याच्या नोंदी जमविल्या. गाडीबाहेर फेकले जाणारे वाचतात, ही लोकप्रिय समजूत या अभ्यासाने खोटी ठरविली. काचसामान पेटीत भरणारा व्यापारी जी दक्षता घेतो ती उतारूंच्या बाबतीत का नको, असे ते विचारीत: पेटी उघडू नये, आतला माल हलू नये, भिंतींना मऊ अस्तर असावे.

उत्पादकांना हे रुचणे कठीणच होते, कारण चालक दोषी ठरला की कारखाना निर्दोष सुटतो. फोर्ड कंपनीने १९५६ च्या गाड्यांत खोलगट सुकाणूचक्र व भक्कम दारकड्या दिल्या, पण मऊ डॅशबोर्ड आणि पट्टे जादा पैसे मोजणाऱ्यासाठीच ठेवले. खांदा व कंबर दोन्ही सावरणाऱ्या पट्ट्याचे एकस्व डीहेवन यांना एका सहकाऱ्यासह १९५५ मध्येच मिळाले होते. अमेरिकेत वाहनांच्या रचनेवर सुरक्षेचे बंधन घालणारा कायदा आला तो १९६६ मध्ये. तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. पुढे १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.