शेगावचे सेवाग्राम

देशांना आणि नगरांना स्वातंत्र्यवीरांची नावे देण्याची रीत जुनी आहे. १८२५ साली दक्षिण अमेरिकेतील एका नव्या राष्ट्राने सिमॉन बोलिव्हार यांच्यावरून बोलिव्हिया हे नाव घेतले. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे गांधीनगर आहे, गांधीधाम आहे, गावोगावी गांधी चौक आहेत. आरमोरीच्या आपल्या महाविद्यालयालाही महात्मा गांधींचेच नाव आहे. परंतु विदर्भातील ज्या खेड्यात त्यांनी झोपडी बांधून वास्तव्य केले, त्या खेड्याला मात्र त्यांचे नाव नाही.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. १८९१ साली ते बॅरिस्टर होऊन परतले. पण कोर्टात उभे राहताच त्यांची वाचा बंद होई. १८९३ साली एका दाव्याच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तेथे गोऱ्यांच्या डब्यातून खाली उतरविल्या गेलेल्या या बुजऱ्या वकिलाने पुढे सत्याग्रहाचे शस्त्र घडविले. १९१५ साली ते मायदेशी आले. १९१७ साली चंपारण झाले, आणि १९२० च्या नागपूर अधिवेशनाने त्यांच्या असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले.

१२ मार्च १९३० रोजी ते मिठासाठी साबरमतीहून दांडीला निघाले. आपल्या मुलखात समुद्र नाही, जंगल आहे. म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाला. जुलै १९३० मध्ये पुसदला बापूजी अणे यांनी गवत कापून कायदा मोडला. स्वराज्याशिवाय साबरमती आश्रमात परतायचे नाही, असा गांधीजींचा निश्चय होता. जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्यास आले, आणि ३० एप्रिल १९३६ रोजी जवळच्या शेगावी गेले.

त्यांची पत्रे बुलढाण्याकडील शेगावला जाऊ लागली. म्हणून १९४० साली गावाचे नाव बदलले. नामकरण झाले ते सेवेचे! तसे कामही तेथे होते. कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश करीत.

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी तुरुंगात गेले. त्याच महिन्यात आपल्या चिमूरला उठाव झाला, आणि पाठोपाठ तेथील स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यांच्या चौकशीसाठी सेवाग्राम आश्रमातील प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. गुरू तुरुंगात असतानाही आश्रम जागा होता. १९४४ साली कारावासातच कस्तुरबा गेल्या. ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडले. परतण्याची इच्छा होती. परंतु नोआखालीच्या आणि दिल्लीच्या दंगलींनी ते होऊ दिले नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली.

विद्यार्थी मित्रांनो, प्रवेशअर्ज भरताना आपण महाविद्यालयाचे नाव घाईने दोन-तीन अक्षरांत आटोपतो. पाटीवर नाव रंगवायला एक दिवस पुरतो. शेगावला मात्र आपले नवे नाव आधी कामाने मिळवावे लागले. आपल्याला थोर नाव आयतेच मिळाले आहे. काम तेवढे बाकी आहे.