चिंतामणराव आणि पाचवी जागा

पहिल्या क्रमांकाची चिंतामणराव देशमुखांना सवयच होती. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला हा मुलगा १९१२ च्या मॅट्रिकला पहिला आला, १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेतही पहिला. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स परिषदेस गेले. तेथे मात्र क्रम आर्थिक वजनावरून लागत होता.

नियोजित नाणेनिधीत चीनला ५५ कोटी डॉलरचा वाटा मिळाला, भारताला ४० कोटींचा. मते वाट्याच्या प्रमाणात, आणि संचालक नेमण्याचा हक्क पहिल्या पाचांनाच, भारत सहावा. युद्धकाळात इंग्लंडकडे साचलेल्या पौंडपावन्याचा काही भाग निधीमार्फत अन्य चलनांत बदलून मिळावा, ही भारताची मागणीही फेटाळली गेली. धनकोने ऋणकोशी परस्पर बोलून घ्यावे, असा तो न्याय! येथे तर ऋणको हाच राज्यकर्ता. भारतीय शिष्टमंडळाचे नेतेही सर जेरेमी रेझमन हे इंग्रज अर्थसदस्य.

पुढे रशिया निधीत आलाच नाही, म्हणून पाचवी जागा भारताकडे आली. तिला न्याय म्हणणे मला जड जाते.

मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद सोडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही; ब्रेटन वूड्सची आठवण सहसा कोणी काढीत नाही. १९८२ साली ते निवर्तले. वाट्यांच्या फेरवाटपात ती पाचवी जागा त्यापूर्वीच, १९७० साली, जपानकडे गेली होती.