अल-जहरावी आणि दोनशे हत्यारं

अबुल कासिम अल-जहरावी इ. स. 936 च्या सुमारास स्पेनमध्ये, कुर्तुबाजवळच्या मदिनत-अल-जहरात जन्मले. एका अडाणी हकिमानं बाईच्या मानेवरची गाठ कापताना धमनी तोडली. ती त्याच्यासमोरच दगावली. डोळ्यांदेखतची ही हकिकत त्यांनी ‘अल-तसरीफ’च्या तिसाव्या भागात लिहून ठेवली आणि सोबत सुमारे 200 हत्यारांची चित्रं दिली. दात खरवडायचीच 14! तेव्हा स्टेनलेस स्टील कुठलं? पण ही चित्रं नागापूर एमआयडीसीतल्या कारागिरालाही सहज कळतील. गळू फोडायचं एक पातं तर लपवलेलं, रोगी घाबरू नये म्हणून. 1013 च्या सुमारास ते वारले. बाराव्या शतकात टोलेडोत ग्रंथाचा लॅटिन अनुवाद झाला, आणि युरोपचे सर्जन कित्येक पिढ्या त्यावर शिकले.