‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द देणारे डॉक्टर

आमच्या आहुप्यात पाऊस लागला की थांबायचं नाव घेत नाही. घरात ओल, चुलीचा धूर आणि खोकणारी पोरं. एखाद्याची छाती दर सर्दीला वाजते. मग डॉक्टर अ‍ॅलर्जी सांगतात. हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तो कुणी दिला, हे विचारायचंच राहून जातं.

तो दिला क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी. १८७४ मध्ये व्हिएन्नाजवळ एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. आधी धर्मशास्त्र, मग तत्त्वज्ञान शिकले आणि शेवटी रमले ते मुलांच्या दवाखान्यात. तेव्हा घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तातला द्रव, म्हणजे सिरम टोचत. पोरं वाचायची, पण काहींना नंतर ताप यायचा, गांधी उठायच्या, सांधे सुजायचे. दुसऱ्यांदा टोचलं तर हे सगळं आणखी लवकर व्हायचं. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी बारकाईनं नोंदी ठेवल्या. पहिल्या भेटीनं शरीर बदलतं. पुढे तेच शरीर कधी रक्षण करतं, कधी स्वतःलाच त्रास देतं, हे त्यांनी ओळखलं. या बदललेल्या वागण्याला पिर्के यांनी १९०६ मध्ये अ‍ॅलर्जी हे नाव दिलं.

१९०७ मध्ये त्यांनी क्षयरोगासाठी त्वचेवरची चाचणी आणली. गोवर आलेल्या मुलांत ती चाचणी काही दिवस उमटतच नाही, हेही त्यांनीच दाखवलं. गोवराचा विषाणू शरीराची जुनी ओळख पुसतो, हे आज पक्कं कळलंय. म्हणून नवव्या महिन्यातली आणि दीड वर्षाच्या सुमाराची, अशा दोन्ही लसी चुकवू नयेत.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातल्या उपाशी मुलांच्या जेवणाची व्यवस्था त्यांनी सांभाळली. एवढ्या मुलांना जपणाऱ्या या माणसाचा शेवट मात्र चटका लावतो. १९२९ मध्ये पती-पत्नी दोघांनीही आपलं जीवन संपवलं.

मैत्रिणींनो, लहानपणी सर्दीच्या विषाणूंनी वारंवार छाती वाजते आणि अंगात अ‍ॅलर्जीचा कल असतो, अशा मुलांना पुढे दम्याचा धोका जास्त, असं आता दिसून आलंय. सगळ्यांनाच तो होतो असं नाही. पण आईनं केळं दिलं, ताक दिलं म्हणून दमा जडला, हा आळ तिच्यावर नको. पोराला धुरापासून लांब ठेवा, छाती पुन्हापुन्हा वाजली तर डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर उजाडायची वाट बघू नका.