गवंडीकाम करणाऱ्याचा मुलगा : कार्ल फ्रेडरिक गाउस

दहावीच्या बीजगणिताचा आरंभ दोन चलांतील रेषीय समीकरणांनी होतो. दोन अज्ञात, दोन समीकरणे. एका चलाचा लोप करावा, दुसऱ्याची किंमत काढावी आणि तिच्या आधारे पहिल्याकडे परतावे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तथापि गणिताचे शिक्षक रजेवर असताना त्यांच्या तासाला बसण्याचा प्रसंग आमच्यावर अनेकदा आला आहे. त्या वेळी फळ्यावरची समीकरणे पाहून ज्या पुरुषाचे चरित्र आम्हांस हटकून आठवते, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण त्या चरित्राचा आरंभ आपल्या वसतिगृहातील अनेक मुलांच्या घरासारख्याच घरात झाला.

जर्मनीतील ब्रुन्सविक शहरात 1777 साली कार्ल फ्रेडरिक गाउस यांचा जन्म झाला. वडील गेभार्ड कधी गवंडीकाम, कधी बागकाम, तर कधी खाटकाचे काम करून संसार चालवीत. आई डोरोथेया पाथरवटाची मुलगी. तिला लिहिता येत नव्हते. मुलाच्या जन्माची तारीख तिने कोठे नोंदविली नव्हती. ईस्टरनंतर येणाऱ्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी आठ दिवस, बुधवारी, मूल झाले, एवढेच तिच्या स्मरणात होते. पुढे गाउस यांनी कोणत्याही वर्षीचा ईस्टर कोणत्या तारखेला येतो हे काढण्याची रीत शोधली. तिच्या आधारे आईच्या आठवणीतला तो बुधवार 30 एप्रिल ठरतो. ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने घातली, असे पालक आपल्यांत आजही आहेत. त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगण्याचे कारण नाही.

गावातील शाळेत ब्यूटनर नावाचे कडक शिस्तीचे शिक्षक होते. एकापासून पुढच्या संख्यांची बेरीज त्यांनी वर्गाला घातली आणि लहानग्या कार्लने ती क्षणात करून पाटी पुढे ठेवली, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. आमच्या मते त्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे होय. ब्यूटनर यांनी हँबुर्गहून वरच्या दर्जाचे अंकगणिताचे पुस्तक मागवून त्या मुलाच्या हाती दिले. त्यांचे तरुण मदतनीस मार्टिन बार्टेल्स कार्लहून अवघ्या आठ वर्षांनी मोठे होते. ते त्याच्याबरोबर बसून अभ्यास करू लागले. मुलाने आपल्यासारखेच हातचे काम शिकावे, अशी वडिलांची इच्छा होती. आई मात्र मुलाच्या शिक्षणाच्या बाजूने ठाम उभी राहिली.

या मुलाची कीर्ती ब्रुन्सविकच्या ड्यूकपर्यंत पोहोचली आणि त्यांनी त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. 1795 साली गाउस गटिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, केवळ पट्टी व कंपास यांच्या साहाय्याने सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते हे त्यांनी सिद्ध केले. 1801 साली त्यांचा अंकसिद्धांतावरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी ड्यूकला अर्पण केला. परंतु 1806 च्या युद्धात ड्यूक जखमी होऊन मरण पावले आणि ते वेतन थांबले. राजाच्या मर्जीवर टिकलेले शिक्षण राजाबरोबरच संपू शकते, हे येथे दिसते. सुदैवाने तोवर गाउस यांचे नाव झाले होते. 1807 साली गटिंगेनच्या वेधशाळेचे संचालकपद त्यांना मिळाले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत ते तेथेच राहिले.

ते नाव होण्यास आकाशातील एक लहानसा बिंदू कारण झाला. 1 जानेवारी 1801 रोजी पिआझी यांना पालेर्मो येथून सेरेस हा लघुग्रह दिसला. सुमारे 41 दिवस त्याचे वेध घेतल्यावर तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. एवढ्या तोकड्या निरीक्षणांवरून गाउस यांनी त्याची कक्षा गणिताने काढली आणि वर्षअखेरीस तो त्यांनी सांगितलेल्या जागेजवळच पुन्हा सापडला.

अशा कामात एक अडचण नेहमी येते. अज्ञात राशी सहाच असतात, निरीक्षणे मात्र त्याहून अधिक. आणि प्रत्येक निरीक्षणात थोडी चूक असतेच. त्यामुळे सर्व समीकरणे एकदम जुळत नाहीत. अशा वेळी सर्व चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे उत्तर निवडावे, हीच न्यूनतम वर्गांची पद्धती. तिच्यामुळे जेवढे अज्ञात तेवढीच समीकरणे उरतात. पुढे ती सोडविण्याचे काम राहते. पॅलस या दुसऱ्या लघुग्रहाच्या कक्षेवरील लेखात, 1810 च्या सुमारास, गाउस यांनी सहा अज्ञातांचा एकामागून एक लोप करण्याची शिस्तबद्ध मांडणी दाखविली. पहिल्या समीकरणाच्या साहाय्याने बाकीच्यांतून पहिला अज्ञात काढावा, उरलेल्या पाचांतून दुसरा, असे करीत शेवटी एकच अज्ञात उरतो. मग उलट्या क्रमाने एकेक किंमत भरीत वर यावे. आज ही रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबले पाहिजे. ही रीत गाउस यांच्याही फार पूर्वीची आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चीनमधील नऊ प्रकरणांच्या गणितग्रंथात ती आढळते. तेथील एक उदाहरण असे : उत्तम धान्याच्या 3, मध्यम धान्याच्या 2 व हलक्या धान्याची 1 पेंढी मिळून 39 मापे धान्य निघते, 2, 3 व 1 मिळून 34, आणि 1, 2 व 3 मिळून 26. पहिल्यातून दुसरे वजा केले, तर उत्तम पेंढी मध्यम पेंढीहून 5 मापांनी जास्त ठरते. पहिल्याची तिप्पट करून तिसरे वजा केले, तर 8 उत्तम व 4 मध्यम मिळून 91 येतात. म्हणजेच 12 मध्यम पेंढ्यांचे 51. मध्यम पेंढीची सव्वाचार, उत्तमची सव्वानऊ आणि हलक्या पेंढीची पावणेतीन मापे. चिनी गणिती हे पाटावर काड्या मांडून करीत. ज्या अनामिकांनी हे प्रथम केले, त्यांचे नाव रीतीला मिळाले नाही. न्यूनतम वर्गांबाबतही फ्रान्सचे लजांद्र यांनी 1805 साली ती पद्धती आधी छापली होती. आपण ती पूर्वीपासून वापरीत होतो, असे गाउस यांनी 1809 साली सांगितल्यावर लजांद्र दुखावले. नाव मोठे असले तरी श्रेय तपासून द्यावे, ही शिस्त आम्ही वर्गात सांगत असतो.

1820 नंतर हानोवर राज्याच्या मोजणीचे काम गाउस यांच्याकडे आले. प्राध्यापक असूनही ते अनेक उन्हाळे डोंगरमाथ्यांवर राहिले. आरशाने सूर्यकिरण दूरच्या शिखराकडे वळविणारे यंत्र त्यांनी याच कामासाठी बनविले. शंभर किलोमीटरहून लांब बाजू असलेल्या त्रिकोणाचे कोन त्यांनी मोजले. या मोजणीतून समीकरणांचा ढीग उभा राहिला. 1823 च्या अखेरीस गेर्लिंग या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला पत्र लिहून त्यांनी दुसरी वाट कळविली. प्रथम अंदाजाने किंमती धराव्यात, सर्वांत मोठी चूक जेथे दिसेल ती दुरुस्त करावी, पुन्हा पाहावे, पुन्हा दुरुस्त करावे. हे काम अर्धवट झोपेतही करता येते, असे त्यांचे म्हणणे होते.

असा हा थोर पुरुष निर्दोष नव्हता. शिक्षकांच्या हातून वर आलेल्या गाउस यांना स्वतः शिकविणे आवडत नसे. मुलगा ऑयगेन याच्याशी त्यांचे पटले नाही. तो अमेरिकेला निघून गेला. आईला मात्र त्यांनी 1817 साली आपल्या घरी आणले. अखेरच्या वर्षांत ती दृष्टिहीन झाली होती. नव्वदी ओलांडून 1839 साली ती मुलाच्याच घरी वारली. गाउस यांचे निधन 23 फेब्रुवारी 1855 रोजी झाले. बार्टेल्स पुढे रशियातील कझान येथे प्राध्यापक झाले आणि तेथे त्यांच्या हाताखाली लोबाचेव्हस्की शिकले. एकाच शिक्षकाच्या हातून असे दोन गणिती घडले.

त्या काळच्या ब्रुन्सविकमध्ये गवंडीकाम करणाऱ्यांची आणखी किती मुले होती आणि त्यांच्या पाट्या कोणी पाहिल्या, याची नोंद इतिहासात नाही. आपल्या अभ्यासिकेत मात्र ती मुले आज समोर बसलेली आहेत. दिलेले उदाहरण सर्वांआधी सोडवून खिडकीबाहेर पाहणारा मुलगा अथवा मुलगी प्रत्येक तुकडीत असते. त्यांच्यासाठी पुढच्या इयत्तेचे पुस्तक कपाटात असले पाहिजे. आमच्या माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच की, वर्षातून एकदा शाळेत येताना असे एक पुस्तक बरोबर आणावे आणि ते ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्याजवळ घटकाभर बसावे.