धूमवाला नाही, लोकांकडून वर्गणी काढून पिक्चर बनवणारा जॉन अब्राहम

गुगलवर जॉन अब्राहम टाईप करा. आधी बाईक दिसेल, मग बॉडी दिसेल, मग धूमचे फोटो येतील.

पण हेच नाव केरळमध्ये, त्यातही कोझिकोडकडच्या एखाद्या साठीतल्या माणसासमोर घ्या. त्याच्या डोळ्यासमोर वेगळाच गडी उभा राहतो. वाढलेले केस, वाढलेली दाढी, खिसा कायम रिकामा आणि डोक्यात कायम सिनेमा. हा जॉन अब्राहम ३१ मे १९८७ ला गेला. आयुष्यभरात त्याने फक्त चार मोठे सिनेमे केले. त्यातल्या शेवटच्यासाठी त्याने गावोगाव फिरून अक्षरशः वर्गणी काढली होती. क्राउडफंडिंग हा शब्द आपल्या कानावर पडायच्या कितीतरी आधी.

त्याचा जन्म ११ ऑगस्ट १९३७ चा, केरळातल्या सीरियन ख्रिश्चन घरातला. शिक्षण झालं, एलआयसीत नोकरी लागली. त्या काळात एलआयसीची नोकरी म्हणजे घरच्यांनी देव पाण्यातून बाहेर काढावेत अशी गोष्ट. पण याचं मन फाईलीत रमलं नाही. नोकरी सोडली आणि गाडी पकडली थेट पुण्याची.

पुण्यात १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. तीच आजची एफटीआयआय. जॉन तिथे पोहोचला तेव्हा एक वादळी मास्तर तिथे आले होते, ऋत्विक घटक. बंगालच्या फाळणीची जखम सिनेमात मांडणारा हा दिग्दर्शक थोडाच काळ पुण्यात होता, व्हाईस प्रिन्सिपल म्हणून. पण तेवढ्यात त्यांनी एक अख्खी पिढी घडवली. मणी कौल, कुमार शहानी आणि आपला जॉन हे तिघे त्यांचे लाडके विद्यार्थी. कॅम्पसमधल्या आंब्याच्या झाडाखाली भरणाऱ्या घटकांच्या गप्पांच्या आठवणी आजही तिथे सांगितल्या जातात.

सिनेमा हे लोकांपर्यंत पोहोचायचं साधन आहे, उद्या त्याहून चांगलं साधन मिळालं तर सिनेमा सोडून देईन, अशा विचारांचे घटक होते. जॉनने हा विचार उचलला. घटकांचं दारूचं व्यसनही त्याने उचललं असं केरळात गमतीने म्हणतात. त्यात गंमत किती, ते पुढे बघूच.

इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडल्यावर जॉनने मणी कौल यांच्या 'उसकी रोटी'साठी सहाय्यक म्हणून काम केलं. १९७२ ला स्वतःचा पहिला मल्याळम सिनेमा केला, 'विद्यार्थिकळे इथिले इथिले'. त्यात मधू, जयभारती असे नावाजलेले कलाकार होते.

खरा धुरळा उडाला तो १९७७ मध्ये. हा मल्याळी माणूस तमिळ सिनेमा करायला गेला आणि नाव ठेवलं 'अग्रहारत्तिल कळुदै'. म्हणजे ब्राह्मण आळीतलं गाढव.

गोष्ट अशी. एका गाढविणीला जमाव मारून टाकतो. तिचं पोरकं पिल्लू एका प्राध्यापकाच्या दारात येतं आणि तो ते सांभाळतो. कॉलेजात चेष्टा सुरू होते म्हणून तो पिल्लाला गावाकडे, आईवडिलांच्या घरी नेऊन सोडतो. घर अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत. तिथे एक मुकी मुलगी गाढवाची काळजी घेते. मग गावात जे काही वाईट घडेल त्याचं खापर गाढवावर फुटायला लागतं. त्या मुकीला दिवस जातात, मूल मेलेलं जन्मतं, त्याचाही दोष गाढवालाच. शेवटी गाव त्याला मारून टाकतं. आणि त्यानंतर तेच गाव त्याला देव मानायला लागतं.

रामेश्वराला न्यायची गंगा तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या एकनाथांची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. त्यामुळे गाढवाचं सोवळ्याशी काय वाकडं आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. रॉबर्ट ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाच्या गाढवावरच्या सिनेमाचा प्रभाव जॉनवर होता, पण त्याचं गाढव पक्कं इथल्या मातीतलं होतं. सिनेमाला तमिळमधल्या सर्वोत्कृष्ट सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विरोधही तेवढाच झाला.

पुढचा सिनेमा 'चेरियाचंटे क्रूरकृत्यंगळ', १९७९ चा. पोलिसांनी शेतमजुरांवर केलेला अत्याचार एक जमीनदार बघतो आणि त्या धसक्याने आतून खचत जातो. ही भूमिका जॉनने कुणाला द्यावी? अडूर भासी यांना. म्हणजे मल्याळी प्रेक्षकाला पोट धरून हसवणारा नट. भासींना त्यासाठी केरळ सरकारचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

नाव झालं, पुरस्कार आले, पण पुढच्या सिनेमाला पैसे कुठून आणायचे? आज मोबाईलवरही सिनेमा शूट होतो. तेव्हा कच्ची फिल्म विकत घ्यायची, मग लॅबचा खर्च, मग प्रिंट काढायच्या, मग डिस्ट्रिब्युटर आणि थिएटरवाला. प्रत्येक पायरीवर पैसेवाला बसलेला. आणि ज्याचा पैसा, त्याचं म्हणणं सिनेमात येणार. जॉनचं दुखणं हेच होतं.

त्यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे ओडेसा कलेक्टिव्ह.

१९८४ साली कोझिकोडमध्ये जॉन आणि त्याच्या मित्रांनी ही चळवळ सुरू केली. आयझेन्स्टाईनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मधल्या ओडेसाच्या पायऱ्यांचा सीन जगप्रसिद्ध आहे, नाव तिथून आलं. कामाची पद्धत मात्र एकदम देशी. पोरं गावात जायची. ढोल वाजवून लोक जमवायची. पथनाट्य करायची, पडदा लावून सिनेमा दाखवायची. चार्ली चॅप्लिनचा 'द किड' त्यांचा हुकमी पत्ता होता, कारण त्याला भाषाच लागत नाही. आणि मग गणपतीची वर्गणी मागावी तसे पैसे मागायचे. अगदी रुपयापासून, जमेल तेवढे.

तुम्ही म्हणाल की यात नवीन काय? श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'ला १९७६ मध्येच गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते. बरोबर आहे. पण त्या शेतकऱ्यांच्या मागे दूध संघाची भक्कम यंत्रणा उभी होती आणि सिनेमाही त्याच दूध चळवळीची गोष्ट सांगणारा होता. इथे मागे संस्था नव्हती. एक फाटका दिग्दर्शक, त्याच्या भोवती जमलेली पोरं आणि एक प्रोजेक्टर, एवढाच कारभार.

या पैशातून १९८६ मध्ये उभा राहिला 'अम्मा अरियान'. अर्थ साधारण असा, आईला कळावे म्हणून.

दिल्लीला निघालेल्या पुरुषन नावाच्या तरुणाला वाटेत एक मृतदेह दिसतो. चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही. तो मित्रांकडे चौकशी करत फिरतो आणि कळतं की हा हरी, तबला वाजवणारा, नक्षल चळवळीत गेलेला पोरगा. आता त्याच्या आईला कळवायला हवं, आणि ती राहते कोचीला. पुरुषन निघतो. वाटेत एकेक जण त्याच्यासोबत येत जातो आणि त्या आईच्या दारात पोहोचेपर्यंत त्यांचा मोठा घोळका झालेला असतो. मधेमधे मेडिकलच्या विद्यार्थ्यांचा संप, दगडखाणीतले कामगार असं त्या काळातलं केरळ येत राहतं.

या गोष्टीचं वजन कळायला आणीबाणी आठवावी लागते. १९७६ मध्ये कोझिकोडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचललं. तो परत आलाच नाही. त्याच्या वडिलांनी कोर्टात दाद मागितली आणि त्या प्रकरणात १९७७ ला मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना खुर्ची सोडावी लागली. 'अम्मा अरियान' राजनची गोष्ट नाही. पण तो बघायला बसलेल्या प्रत्येकाला ते प्रकरण माहीत होतं.

हा ब्लॅक अँड व्हाईट सिनेमा शूट केला वेणू यांनी आणि एडिट केला बीना पॉल यांनी. दोघांचंही नाव पुढे मोठं झालं. बहुतेक कलाकार नवखे होते. सिनेमा नेहमीसारखा थिएटरला लागला नाही, ज्यांनी पैसे दिले त्यांच्यातच तो फिरत राहिला.

आता दारूचा विषय. जॉनबद्दलचे निम्मे किस्से दारूचे आहेत आणि ते फार प्रेमाने सांगितले जातात. घर ना दार, कुठल्याही मित्राकडे मुक्काम, सोबत असंख्य कथा. ऐकायला भारी वाटतं. पण १९७२ ते १९८६ मध्ये चारच सिनेमे झाले, त्यात पैशांच्या तंगीचा वाटा होता तसा या जगण्याचाही होता. सगळा दोष व्यवस्थेवर ढकलणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही.

१९८७ च्या मे महिन्याच्या अखेरीला कोझिकोडमध्ये तो एका इमारतीच्या गच्चीवरून खाली पडला. तिथल्या मेडिकल कॉलेजात त्याचा मृत्यू झाला. वय ४९. 'अम्मा अरियान' येऊन जेमतेम वर्ष होत होतं.

ओडेसावाले नंतरही थांबले नाहीत, पुढे डॉक्युमेंट्रीही केल्या. पण तशी लाट पुन्हा उसळली नाही, कारण लोकांना घराबाहेर काढणारा चेहरा जॉनचाच होता.

पुरुषनचं काम करणारा पोरगा म्हणजे जॉय मॅथ्यू. मधली बरीच वर्षं गेल्यावर २०१२ मध्ये त्याने स्वतः दिग्दर्शन केलं, सिनेमाचं नाव 'शटर'. सचिन खेडेकर आणि सोनाली कुलकर्णीचा २०१५ चा मराठी 'शटर' आठवतोय? तो त्याचाच रिमेक.

आणि ते गाढव? जॉन गेल्यानंतर दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, दूरदर्शनने 'अग्रहारत्तिल कळुदै' दाखवायचं ठरवलं होतं. तमिळनाडूतून विरोध झाला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला तो सिनेमा दूरदर्शनने ऐनवेळी रद्द केला.