भाऊ दाजी लाड

डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी (१८२२–१८७४) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे नामवंत डॉक्टर, प्राच्यविद्या संशोधक आणि समाजसुधारक होते. पाश्चात्त्य वैद्यकाचे पदवीधर असूनही त्यांनी देशी वनस्पतींच्या औषधी गुणांचा अभ्यास केला. कुष्ठरोगावर कडू कवठीच्या तेलाचा त्यांनी केलेला वापर विशेष प्रसिद्ध आहे.

बालपण आणि शिक्षण

भाऊंचा जन्म गोव्यातील पेडणे परिसरात झाला. त्यांच्या लहानपणीच कुटुंब मुंबईस आले. वडील मातीच्या मूर्ती घडवून उदरनिर्वाह करीत. बुद्धिबळातील भाऊंचे कौशल्य पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्यांना इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. एल्फिन्स्टन संस्थेत शिकून ते तेथेच शिक्षक झाले. काठेवाड व कच्छमधील बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू होताच त्यांनी नोकरी सोडून तेथे प्रवेश घेतला. १८५१ मध्ये उत्तीर्ण झालेल्या पहिल्या आठ पदवीधरांत त्यांचा समावेश होता.

वैद्यक व्यवसाय

शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र यांत त्यांचा लौकिक होता. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला. जुन्या संस्कृत वैद्यक ग्रंथांत सांगितलेल्या वनस्पती मिळवून त्यांचे गुण रुग्णांवर पडताळणे हा त्यांच्या अभ्यासाचा भाग होता. १८६२ मधील महाराज बदनामी खटल्यात त्यांनी धर्मगुरूंच्या विरोधात निर्भीडपणे वैद्यकीय साक्ष दिली.

कुष्ठरोगावरील उपचार

कडू कवठी हा सह्याद्रीच्या दमट अरण्यांत वाढणारा वृक्ष आहे. खाण्याच्या कवठाशी त्याचा संबंध नाही. त्याच्या बियांचे तेल त्वचारोगांवर परंपरेने वापरले जाई. कुष्ठरोग्यांवर त्याचे प्रयोग करून भाऊंनी काही रुग्णांत सुधारणा घडवून आणली आणि दूरदूरचे रोगी त्यांच्याकडे येऊ लागले.

याच कुळातील वृक्षांच्या बिया पूर्व आशियातही प्राचीन काळापासून याच रोगावर दिल्या जात. चिनी वैद्यकात त्यांना दा-फेंग-झी म्हणतात. सोळाव्या शतकात ली शिझेन यांनी रचलेल्या औषधकोशात त्यांची नोंद आहे. बंगालमध्ये डॉ. मोआट यांनी १८५४ मध्ये चालमोगरा तेलाची माहिती प्रसिद्ध केली होती.

मात्र भाऊंनी आपले औषध कोणते, हे दीर्घकाळ गुप्त ठेवले. त्यामुळे इतर डॉक्टरांना त्यांच्या निष्कर्षांची पडताळणी करता आली नाही. सविस्तर निष्कर्ष प्रसिद्ध होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. ते औषध कवठीचे तेल होते, ही माहिती पुढे वनौषधींवरील ग्रंथांत आली. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सन यांना १८७३ मध्ये, म्हणजे भाऊंच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी आढळला.

हे तेल पोटात घेतल्यास मळमळ होई आणि टोचल्यास वेदना होत. १९१५ च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल यांनी ते टोचण्यायोग्य रूपात आणले. १९४० नंतर सल्फोन औषधे आल्यावर तेलाचा वापर मागे पडला. कवठीच्या बियांतील हिडनोकार्पिनसारख्या संयुगांचा दाहशामक गुण पुढे प्रयोगशाळेत तपासण्यात आला. तथापि कुष्ठरोगावर आज बहुविध औषधोपचारच प्रमाण मानला जातो.

सार्वजनिक कार्य आणि संशोधन

१८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी पुरस्कार केला. १८५३ मध्ये सांगलीचे विष्णुदास भावे नाटक मंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यांना साहाय्य केले. सांगलीत जन्मलेल्या मराठी रंगभूमीस त्यामुळे मुंबईचा प्रेक्षकवर्ग लाभला. १८६९ आणि १८७१ मध्ये भाऊ मुंबईचे शेरीफ होते.

कालिदासाचा काळ, अजिंठ्याचे शिलालेख आणि गिरनारचा रुद्रदामन्‌चा लेख यांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध वाचले. वाचनाबाबत शंका उरल्यास मूळ शिलालेखाचा नवा ठसा घेऊन पाठ तपासण्यावर त्यांचा भर असे.

अखेरचे दिवस आणि वारसा

१८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात त्यांची बहुतेक संपत्ती गेली. तरीही ग्रंथ, नाणी व हस्तलिखिते जमविण्याचा त्यांचा व्यासंग सुटला नाही. १८७४ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९७५ मध्ये त्या संग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले.

शिलालेखांचे वाचन त्यांनी विद्वानांसमोर खुले ठेवले, पण कुष्ठरोगावरील औषध मात्र गुप्त राहिले. त्यामुळे त्या उपचाराचे मोजमाप त्यांच्या हयातीत होऊ शकले नाही.